जुन्या संगणकीय खेळांचे ग्राफिक्स सुधारले की त्यांची गोडी कमी होते का?

सायंतारा

गेल्या काही वर्षांत जुन्या संगणकीय खेळांच्या नव्या, देखण्या आवृत्त्यांचा ओघच लागला आहे. त्यांतल्या बऱ्याचशा मी उत्साहाने खेळले; काही मनापासून आवडल्या, काहींनी हिरमोड केला. पण या आवडीनिवडीचा चित्रांच्या दर्जाशी थेट मेळ मला काही केल्या घालता येत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ घ्या. मूळ खेळ १९९० सालचा आणि त्याची नव्याने रंगवलेली आवृत्ती २००९ सालची. या आवृत्तीत एफ-१० ही कळ दाबली की आहे त्याच जागेचे जुने चित्र पडद्यावर येते आणि पुन्हा दाबली की नवे परत येते. सुरुवातीच्या रात्रीच्या दृश्यांमध्ये थांबून मी ही कळ कितीतरी वेळा दाबून पाहिली. नव्या चित्रात ढगांना आकार आहे, दगडांना पोत आहे, उजेड कुठून येतो आहे ते नीट कळते. जुन्या चित्रात गडद निळा अंधार आणि त्यात काही पिवळे ठिपके आहेत, आणि ते ठिपके म्हणजे कोणाच्या तरी घरातला उजेड आहे हे माझे मला समजून येते. कलाकुसर नव्यात निःसंशय जास्त आहे, तरी त्या रात्रीची हुरहूर मला जुन्यातच लागते.

यावर नेहमी मिळणारे उत्तर असे की ही सारी लहानपणाच्या आठवणींची माया आहे. ते मला पुरते पटत नाही. माझ्या भाचीचा जन्म या खेळांनंतर बऱ्याच वर्षांनी झाला. तिने पहिला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ जुन्या रूपातच पाहिला आणि धावणारी ती इवलीशी आकृती बघून “हा खरंच पळतोय!” असे ती म्हणाली. तिच्या गाठीशी कसल्या आठवणी असणार? याच भाचीने अक्षरांनी आणि चिन्हांनी रेखाटलेला ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ मात्र लगेच बाजूला ठेवला आणि चित्रे असलेली आवृत्ती हाती आल्यावर त्यात ती रमून गेली.

तेव्हा माझा प्रश्न असा आहे की सुधारित ग्राफिक्समुळे एखाद्या जुन्या खेळातून काही हरवत असेल, तर ते नेमके काय असते, आणि काही खेळांतून ते अजिबात का हरवत नाही? ज्याने हे खेळ कधीच पाहिलेले नाहीत त्याच्या हाती आधी कोणती आवृत्ती द्यावी, हेही अनुभवी सभासदांनी सांगावे.

मूळप्रत

तुमच्या भाचीच्या उद्गारापासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या मते उत्तर तिथेच दडलेले आहे.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९ साली अ‍ॅपल टू या संगणकासाठी आला. खेळाचे निर्माते जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि त्या चित्रफितीतली एकेक चौकट समोर ठेवून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. आकृती मोजक्या ठिपक्यांची असली तरी तिच्या हालचालीमागे खरे शरीर आहे. धावता धावता कळ सोडली तरी तो जागच्या जागी थांबत नाही, पाय रोवत आणखी थोडा पुढे जातो. कड्याला लटकताना त्याचे वजन जाणवते. तुमच्या भाचीने पाहिले ते हेच, आणि त्यासाठी जास्त रंगांची गरज नव्हती.

आता याच खेळाचा पडदा जरा जवळून बघा. प्रत्येक पडद्यावर एकावर एक तीन मजले आहेत आणि प्रत्येक मजला दहा फरशांचा आहे. उडीची लांबी, सुळ्यांची जागा, पाय पडताच हलणारी सैल फरशी, कड्यापर्यंत जपून टाकायचे पाऊल, हे सगळे त्या फरशीच्याच मापात बसवलेले आहे. खेळाडू थोड्याच वेळात नजरेने फरशा मोजायला शिकतो आणि उडी कुठून घ्यायची हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. इथे चित्र हाच नियमांचा फलक आहे. उद्या कोणी त्या तळघरात सुंदर पडझड, कोळिष्टके आणि झिरपणारा प्रकाश आणला आणि त्यात फरशीची कड दिसेनाशी झाली, तर दृश्य कितीही मनोहर असले तरी खेळाडूच्या हातातली मोजपट्टी कोणीतरी काढून घेतल्यासारखे होईल.

सावलीची गोष्टही इथे सांगायलाच हवी. संगणकाची स्मृती भरत आली होती आणि दुसऱ्या पात्राच्या चित्रांसाठी जागा उरली नव्हती. तेव्हा मेकनर यांनी राजपुत्राचीच चित्रे घेतली, ती एका बिटने सरकवून मूळ चित्रावर गणिती क्रियेने बसवली आणि त्यातून एक लखलखती, भुतासारखी आकृती तयार झाली. आरशातून बाहेर पडणारा, वाटेत आपले औषध पिऊन टाकणारा आणि शेवटी तलवार म्यान केल्याशिवाय ज्याच्यापासून सुटका नाही असा तो प्रतिस्पर्धी असा जन्माला आला. त्याला मारलेला प्रत्येक घाव आपल्यालाच लागतो, कारण तो अक्षरशः आपल्याच चित्रांनी बनलेला आहे. हे पात्र नव्याने घडवायला माझी काहीच हरकत नाही, पण घडवणाऱ्याला हे नाते माहीत असले पाहिजे. ते माहीत नसलेला कलाकार काळ्या झग्यातला एक निराळाच शत्रू काढून ठेवील, आणि तो कदाचित फार सुरेख असेल.

नव्या आवृत्त्यांत जे हरवते ते बहुधा असेच हरवते. जुन्या चित्राकडे एखादे काम सोपवलेले असते, ते ओळखू न आल्यामुळे नवे चित्र ते करत नाही. २००४ सालच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’मध्ये दूरवर धुके होते, कारण तेव्हाच्या यंत्रांना एवढे दूरचे रेखाटणे झेपत नव्हते. पण त्याच धुक्यामुळे एका शहरातून दुसरे शहर दिसत नसे आणि तो प्रदेश एखाद्या राज्याएवढा वाटत असे. २०२१ च्या नव्या आवृत्तीत धुके हटले आणि उंचावरून पाहिले की सगळा नकाशा एका नजरेत मावू लागला. प्रदेश तेवढाच राहिला, प्रवास मात्र लहान झाला. पुढे २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जुन्यासारखा प्रकाश आणि आकाश निवडण्याची सोय त्यात देण्यात आली, यावरून ती उणीव किती जणांना जाणवली असेल याची कल्पना येते.

शून्यएक

मूळप्रत यांचा प्रतिसाद वाचनीय आहे, पण त्यातून असा ग्रह होऊ शकतो की जुन्या चित्रातली प्रत्येक गोष्ट विचारपूर्वक ठेवलेली होती आणि तिला हात लावताना शंभरदा विचार करावा. वस्तुस्थिती तशी नाही. पुष्कळ गोष्टी केवळ नाइलाजाने तशा होत्या. आयबीएमच्या पहिल्या रंगीत कार्डावर ३२० बाय २०० च्या पडद्यावर एका वेळी चारच रंग मिळत, आणि त्या काळातल्या असंख्य खेळांत ते चार रंग म्हणजे काळा, पांढरा, आकाशी आणि भडक जांभळट गुलाबी. कोणत्याही चित्रकाराने हे रंग आवडीने निवडले असतील यावर माझा विश्वास बसत नाही. संधी मिळताच सगळे सोळा रंगांकडे गेले आणि १९८७ साली व्हीजीए हे नवे चित्र-मानक आल्यावर २५६ रंगांकडे गेले. खेळ घडवणाऱ्यांनी स्वतः प्रत्येक सुधारणेचे स्वागत केले असताना आपण मात्र त्यांच्या अडचणींची पूजा करावी, हे मला पटत नाही.

शिवाय डोळ्यांचाही विचार करा. ६४० बाय ४८० साठी काढलेली अक्षरे आजच्या मोठ्या पडद्यावर एक तर धूसर दिसतात किंवा अगदी बारीक होतात. ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांच्यासाठी नवी आवृत्ती म्हणजे तो खेळ पुन्हा खेळता येण्याची एकमेव वाट असते, आणि हे सुख काही लहान नाही.

चित्रे पूर्ण बदलूनही खेळ जसाच्या तसा राखता येतो, याची भक्कम उदाहरणे आहेत. १९९८ सालच्या ‘स्टारक्राफ्ट’ची नवी आवृत्ती २०१७ साली आली, तेव्हा प्रत्येक सैनिकाचे आणि प्रत्येक इमारतीचे चित्र नव्याने काढले गेले, पण एका वेळी बाराच सैनिक निवडता येण्याची मर्यादासुद्धा तशीच ठेवली गेली. सैनिकांच्या आडमुठ्या चाली, ज्यांवर स्पर्धकांनी वर्षानुवर्षे मेहनत घेतली होती, त्याही तशाच राहिल्या. २०२१ च्या ‘डायब्लो टू: रिझरेक्टेड’मध्ये तर २००० सालचाच खेळ आत सेकंदाला पंचवीस वेळा आपली गणिते करत असतो आणि त्रिमितीय चित्रे त्यावर पांघरलेली असतात. ‘कमांड अँड कॉन्कर’च्या २०२० सालच्या आवृत्तीत, एकट्याने खेळताना, स्पेसबार दाबून जुने आणि नवे रूप चालू खेळात बदलता येते. आतले इंजिन राखले की पुढचा प्रश्न उरतो तो केवळ आवडीचा, असे माझे मत आहे.

दीपमाळ

चित्रकलेच्या बाजूने थोडे लिहिते.

शून्यएक म्हणतात त्याप्रमाणे बंधने कोणी मागून घेतली नव्हती, हे खरे आहे. पण एकदा बंधन आल्यावर चित्रकार त्याच्याशी झटून जे निर्माण करतो ते बंधन काढून टाकले म्हणून आपोआप अधिक चांगले होत नाही. चार रंगांच्या ज्या कार्डाचा त्यांनी उल्लेख केला त्याचीच दुसरी बाजू पाहा. ते कार्ड दूरचित्रवाणीसारख्या कंपोझिट पडद्याला जोडले की जवळजवळ असलेले ठिपके एकमेकांत मिसळत आणि त्यातून नवेच रंग उमटत. १९८४ सालच्या ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये या युक्तीचा उपयोग केलेला होता. साध्या संगणकीय मॉनिटरवर जिथे उभ्या रेघा दिसतील तिथे कंपोझिट पडद्यावर एकसंध रंग दिसे. म्हणजे चित्रकाराने काढलेले चित्र फाइलमध्ये अर्धेच होते आणि उरलेले अर्धे पडदा पूर्ण करत होता. आज ती फाइल उघडून रेघा मोजणारा माणूस मूळ चित्र बघतच नाही.

माझ्या सर्वांत आवडीचे उदाहरण मात्र ‘लूम’चे आहे. हा खेळ १९९० साली आला तो सोळा रंगांत. मार्क फेरारी यांनी त्याच्या पार्श्वभूमी रंगवताना दोन रंगांचे ठिपके एकाआड एक अशा रीतीने मांडले की डोळ्याला त्यांच्यामधला तिसराच रंग भासावा. त्या सोळा रंगांत निळ्या आणि हिरव्या छटा त्यातल्या त्यात कामाच्या होत्या, त्वचेसाठी किंवा मातीसाठी साजेसे रंग जवळपास नव्हतेच. परिणामी तो सारा खेळ निळसर संधिप्रकाशात न्हाऊन निघालेला दिसतो, आणि सूत कातणाऱ्या, सुरांनी जादू करणाऱ्या लोकांच्या त्या कथेला तो प्रकाश इतका शोभतो की दुसऱ्या कुठल्या प्रकाशात ती घडू शकेल असे वाटत नाही. पुढे सीडीवर २५६ रंगांची आवृत्ती निघाली. चित्रे नव्याने रंगवली गेली, पात्रांना आवाज मिळाले. परंतु आवाजासाठी संवाद कापावे लागले, काही जवळून दिसणारे चेहरे गळाले आणि रंग पुष्कळ असल्यामुळे प्रत्येक वस्तूला आपापला रंग मिळाला. तो निळा काळोख मात्र विरून गेला. लक्षात घ्या, ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची आहे, म्हणजे या धाग्यातला वाद आजचा नाही आणि त्यासाठी तीस वर्षांच्या आठवणी साठण्याचीही गरज नव्हती.

सायंतारा यांना मंकी आयलंडच्या रात्रीबद्दल जे वाटले तेही मला याच कुळातले वाटते. थोड्या रंगांत रात्र काढायची तर चित्रकाराला बहुतेक पडदा अंधाराला देऊन टाकावा लागतो. रंग भरपूर मिळाले की अंधारातही सगळे काही दाखवण्याचा मोह होतो. चांगला चित्रकार तो मोह आवरू शकतो, त्यामुळे दोष रंगसंख्येचा नाही, पण मोह खरा आहे आणि बऱ्याच नव्या आवृत्त्या त्याला बळी पडलेल्या आहेत.

याउलट जिथे मूळ चित्राचा स्वभावच मोठे होण्याचा असतो तिथे काहीच बिघडत नाही. एरिक शाही यांचा १९९१ सालचा ‘अनदर वर्ल्ड’ ठिपक्यांऐवजी सपाट रंगांच्या बहुभुजांनी बनलेला आहे. ते आकार कितीही मोठ्या पडद्यावर ताणले तरी कडा रेखीवच राहतात, आणि विसाव्या वर्षानिमित्त निघालेली त्याची आवृत्ती मला मूळ खेळाची सख्खी बहीण वाटते.

क्षितिजरेषा

दीपमाळ यांचा पडद्याविषयीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि त्याला एक पुरवणी जोडतो, कारण जुने खेळ जुन्या रूपात खेळतो असे म्हणणारे बरेच जण प्रत्यक्षात भलतेच रूप पाहत असतात.

हल्ली एमुलेटरमध्ये (जुने यंत्र नव्या संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सीआरटी, म्हणजे जुन्या काचेच्या नळीच्या पडद्याचा आभास देणारे शेडर (चित्रावर चढवायचे परिणाम) असतात आणि लोक ते लावून प्रत्येक खेळावर जाड काळ्या आडव्या रेघा ओढून घेतात. दूरचित्रवाणीला जोडून खेळायच्या यंत्रांसाठी ते ठीक आहे. व्हीजीए मॉनिटर मात्र २०० ओळींचे चित्र दाखवताना प्रत्येक ओळ दोनदा काढत असे, म्हणजे पडद्यावर ४०० ओळी उमटत आणि ओळींमधली काळी फट जवळपास दिसतच नसे. तेव्हा नव्वदच्या दशकातल्या डॉस या जुन्या संगणक-प्रणालीच्या खेळांवर या रेघा लावणे म्हणजे जे कधी नव्हतेच ते परत आणणे होय.

दुसरी बाब आकाराची. ३२० बाय २०० चे चित्र तेव्हाच्या ४:३ पडद्यावर पूर्ण भरून दिसे, म्हणून त्यातला प्रत्येक ठिपका रुंदीच्या १.२ पट उंच असे. आजच्या मॉनिटरचे ठिपके चौरस आहेत. दुरुस्ती न करता चित्र दाखवले तर त्याची उंची सहाव्या भागाने कमी होते, माणसे बुटकी दिसतात, चंद्र अंड्यासारखा आडवा होतो. डॉसचे खेळ चालवणाऱ्या डॉसबॉक्स या प्रोग्रॅममध्ये ‘अ‍ॅस्पेक्ट’ नावाची सेटिंग आहे, ती चालू ठेवली की हा दोष जातो. सर्वांत नेटके रूप हवे असेल तर १६०० बाय १२०० एवढ्या जागेत चित्र बसवावे, कारण ३२० ची पाचपट १६०० आणि २०० ची सहापट १२०० होते. प्रत्येक जुना ठिपका पाच बाय सहाचा एकसारखा तुकडा बनतो, आणि पडदा सरकताना कडा थरथरत नाहीत.

‘डूम’च्या बाबतीत तर सुधारणेचा दुष्परिणाम अगदी डोळ्यांसमोर दिसतो. १९९३ सालच्या त्या खेळात २५६ रंग होते आणि अंधार दाखवण्यासाठी उजेडापासून काळोखापर्यंत बत्तीस पायऱ्यांचे तक्ते केलेले होते. खोली जितकी अंधारी आणि वस्तू जितकी दूर, तितका खालच्या पायरीचा तक्ता वापरला जाई. राक्षसांपैकी काही तर खरोखरीचे पुतळे घडवून आणि वेगवेगळ्या कोनांतून त्यांची चित्रे घेऊन बनवले होते. १९९७ च्या डिसेंबरमध्ये या खेळाचा सोर्स कोड (मूळ प्रोग्रॅमचा मजकूर) खुला झाला आणि त्यावर अनेक नव्या आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी काहींत ठिपक्यांच्या कडा गुळगुळीत करण्याचा फिल्टर आपोआप लागत असे. तो लागला की पुतळ्यावरची खरखर पुसली जाते आणि राक्षस ओल्या कागदावर रंग पसरावा तसा दिसू लागतो. त्यातच प्रकाशाचे गणित बदलले की ज्या कोपऱ्यात काही दिसू नये अशी रचना केली होती तो कोपरा उजळून निघतो. रेझोल्यूशन वाढवा, हालचाल सफाईदार करा, मला ते आवडते. पण फिल्टर बंद ठेवा आणि अंधाराला हात लावू नका.

सायंतारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘लूम’ची निळी आवृत्ती मी पाहिलेली नाही, ती आता शोधणार.

एक शंका मात्र उरते. मूळप्रत आणि दीपमाळ यांच्या प्रतिसादांतून असे वाटते की चित्र जितके कमी सांगेल तितकी कल्पनाशक्तीला जागा जास्त मिळते. तसे असेल तर नुसती अक्षरे असलेला ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ सर्वांत श्रेष्ठ ठरायला हवा होता. मग माझी भाची त्यात का रमली नाही, आणि चित्रे आल्यावर त्याची गोडी वाढली असे तिला का वाटले असावे?

पटावरचा

याचे कारण असे की कल्पनेला जागा मिळण्यासाठी आधी वाचता यावे लागते.

अक्षरांच्या खेळांची परंपरा १९८० च्या ‘रोग’पासून चालत आली आहे. त्यात आपण म्हणजे ‘अ‍ॅट’चे चिन्ह, आणि इंग्रजी वर्णमालेतले प्रत्येक मोठे अक्षर म्हणजे एकेक राक्षस. ज्याला ही लिपी अवगत झाली त्याला पडद्यावर अक्षरे दिसतच नाहीत, त्याला थेट ड्रॅगन दिसतो आणि त्याच्या छातीत धस्स होते. पण लिपी शिकण्याआधीच्या माणसाला तिथे केवळ खिचडी दिसते, आणि खिचडीतून कल्पना जागी होत नाही. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ २००६ पासून याच लिपीत होता. २०२२ च्या डिसेंबरमध्ये चित्रे असलेली आवृत्ती विक्रीला आली, तेव्हा त्या बुटक्यांचे स्वभाव, त्यांची भांडणे, त्यांनी कोरलेल्या नक्षीतला इतिहास हे सारे पूर्वीसारखेच शब्दांत आणि खेळाडूच्या मनात राहिले. लहानशा चित्रांनी फक्त दार उघडून दिले. शिवाय अक्षरांची आवृत्ती मोफत मिळत राहिली, म्हणजे जुन्या वाचकांचे काहीच हिरावले गेले नाही. सुधारणा कशी करावी याचा यापेक्षा चांगला नमुना मला ठाऊक नाही.

शून्यएक यांच्या एका विधानाशी मात्र मी सहमत नाही. आतले इंजिन राखले की सगळे राखले, असे होत नाही. २०११ सालच्या ‘हेलो: कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड अ‍ॅनिव्हर्सरी’मध्ये जुना खेळ आत तसाच चालत होता आणि वर नवी चित्रे होती. पण नव्या खडकांचे आणि झाडांचे आकार जुन्या अडथळ्यांशी सगळीकडे जुळले नाहीत, त्यामुळे काही ठिकाणी दिसते एक आणि गोळी अडते दुसऱ्याच कशावर. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दलदलीतल्या ज्या प्रसंगात अंधार आणि धुके यांमुळे भय दाटून यायचे, तो प्रसंग नव्या रूपात बराच उजळला. नियम तेच राहिले आणि भय पातळ झाले.

स्पर्धात्मक खेळांत तर वाचनीयता हाच प्राण असतो. गर्दीच्या लढाईत कोणता सैनिक कुठे आहे हे क्षणार्धात कळले पाहिजे. ‘एज ऑफ एम्पायर्स टू’च्या २०१९ सालच्या सुंदर आवृत्तीत पुष्कळ खेळाडू झाडे लहान करणारा मॉड (खेळाडूंनीच केलेला फेरबदल) टाकून खेळतात, कारण डेरेदार झाडांच्या मागे माणसे आणि रस्ते लपतात. खेळाडू स्वतःहून चित्र कमी करून घेतो, यावरून चित्राचे काम काय आहे ते समजावे. ‘वॉरक्राफ्ट थ्री’च्या जानेवारी २०२० मधल्या ‘रीफोर्ज्ड’ आवृत्तीवरही हा आक्षेप घेतला गेला की सैनिकांच्या अंगावर तपशील एवढा वाढला की ते एकमेकांपासून वेगळे ओळखू येईनात. पण त्या प्रकरणात माझी खरी तक्रार चित्रांविषयी नाही. ज्यांनी २००२ सालचा मूळ खेळ विकत घेतला होता त्यांचाही खेळ नव्या व्यवस्थेत ओढला गेला, आणि जुन्यात असलेल्या काही सोयी नव्यात सुरुवातीला नव्हत्याच. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या तीन खेळांच्या २०२१ च्या नव्या आवृत्तीच्या वेळीही जुन्या आवृत्त्या दुकानांतून काढून घेतल्या होत्या, आणि ओरड झाल्यावर त्या परत ठेवण्याचे जाहीर करावे लागले. वाईट रिमास्टरमुळे (सुधारित आवृत्तीमुळे) चांगल्या खेळाचे काही बिघडत नाही, मूळ प्रत हाताशी असेल तर. ती हाताशी नसेल तर जे हरवते ते कायमचे.

शून्यएक

पटावरचा यांचा शेवटचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. मूळ आवृत्ती विकत मिळत राहावी, किमान नव्या आवृत्तीबरोबर ती जोडून द्यावी, यावर दुमत असण्याचे कारण नाही. झाडांचे उदाहरणही चपखल आहे. तरीही नवे रूप बघून जो माणूस पहिल्यांदा त्या खेळाकडे वळतो त्याला कमी लेखू नये, एवढा माझा आग्रह राहील. स्पेसबार दाबून जुने चित्र बघण्याची उत्सुकता त्याला तिथेच लागते.

मूळप्रत

नवख्या खेळाडूला आधी काय द्यावे, या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही, म्हणून लिहितो. ज्या खेळात कळ दाबून रूप बदलता येते तो नव्या रूपात सुरू करून द्यावा आणि ती कळ कुठे आहे हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे. मंकी आयलंडच्या २००९ च्या आवृत्तीत एक अडचण आहे. मूळ खेळात पडद्याच्या खालच्या भागात क्रियापदांची यादी कायम समोर असे आणि ती बघत बघतच ‘हे ओढून पाहावे का, ते ढकलून पाहावे का’ असे सुचत जाई. नव्या रूपात ती यादी आड गेली आहे, त्यामुळे कोडी उगीचच अवघड वाटतात. कोड्यात अडकल्यावर एफ-१० दाबून जुन्या रूपात जायला सांगावे, अर्ध्या वेळा तेवढ्याने सुटते. त्या रूपात पात्रांचे आवाज मात्र ऐकू येत नाहीत. दुसऱ्या भागाच्या २०१० सालच्या आवृत्तीत जुनी चित्रे आणि नवे आवाज एकत्र मिळतात, आणि माझ्या मते तो मेळ सर्वांत सुखाचा आहे.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ मात्र जुन्याच रूपात द्यावा. ‘डूम’ क्षितिजरेषा यांनी सांगितल्याप्रमाणे फिल्टर बंद करून द्यावा.

‘लूम’ शोधताना काळजी घ्या. डिजिटल दुकानांत सहसा मिळतो तो आवाज असलेला, २५६ रंगांचा. निळा ‘लूम’ म्हणजे मूळ फ्लॉपीवरची ईजीए, म्हणजे सोळा रंगांची आवृत्ती. तिच्या फाइल्स हाती असतील तर स्कमव्हीएम हा जुने साहसी खेळ चालवणारा प्रोग्रॅम त्या थेट चालवतो, पडद्याचा आकार दुरुस्त करण्याची खूण त्यातच आहे. त्या खेळात ऐकलेले सूर वहीत टिपून ठेवावे लागतात आणि सर्वांत अवघड पातळीवर ते कानानेच ओळखावे लागतात, तेव्हा आवाज बंद करून खेळू नका.